दानिएलचा केरबा

बटाला (पंजाब)
९ ऑक्टोबर १९७४

आईस केरबाचा सलाम.

मी जिता हाय. हे पत्र बघून तू आधी ताजबीमावशीला हाक मारशील, मग चष्मा हुडकशील. छापील तुला वाचता येतंय, हातचं न्हाय, आणि माझं अक्षर तर कोंबडीनं माती उकरल्यागत. तेव्हा मीरासाबचाचाकडनं वाचून घे.

वडगाव सोडल्यावर कोल्हापुरात उद्यमनगरात थोडं दिवस काढलं. तिथं गडहिंग्लजकडचा हंबीरराव मुकादम भेटला. "पंजाबात ओतकामाला माणसं पायजेत, येतोस का तम्मा," म्हणाला. त्यांच्याकडं धाकट्या भावाला तम्मा म्हणतात. मला कुठंतरी जायाचंच हुतं. कुठं ते विचारलं बी न्हाय. गाडीत बसल्यावर कळलं पंजाब केवढा लांब हाय ते.

इथं मी वाळूचं साचं करतो. भट्टी पेटली की बिडाचा रस साच्यात ओततो. मालक सरदारजी हाय, बरा हाय. खोलीत हंबीरराव, मी आणि कराडकडचे दोघं. भाकरी न्हाय, गव्हाची रोटी. दोन सांजचं पोट भरतं. पण रोटी खाल्ली की जेवल्यागत वाटत न्हाय, नुसतं खाल्ल्यागत वाटतं.

बोलायला कुणी न्हाय. म्हंजे माणसं लई हायत. बोलणं न्हाय.

दर रविवारी चर्चला जातो. चर्च मोठं हाय, घंटा हाय. काळजी करू नको.

एक सांगायचं. पत्रावर नाव घालशील ते केरबा ज्ञानू शिंदे असं घाल. दानिएल घालू नको. इथल्या पोस्टमनला तसलं नाव वाचता येत न्हाय, पत्र परत जाईल.

तुझा
केरबा


पेठ वडगाव
२६ ऑक्टोबर १९७४

केरबास आईचा प्रभूच्या नावानं सलाम. तू तुझ्या पत्रात प्रभूचं नाव घातलं न्हाईस, म्हणून ह्यात दोघांचं धर.

पाळकसाहेबांकडनं पत्र लिहून घेतलं असतं तर त्यांनी चांगलं शुद्ध लिहिलं असतं. पण मग मंडळीतल्या सगळ्यांना कळलं असतं तू कुठं हाईस ते. म्हणून मीरासाबच्या शिलाईमशिनीपाशी बसून सांगते. त्यो लिहितोय. मधे गिऱ्हाईक आलं की थांबतोय.

स्वेटर हाय का? तिकडं बर्फ पडतो म्हणं. तुझ्या बापाचा खाकी कोट पेटीत हाय, पाठवू का?

ज्ञानू कोण रं? आपल्या भावकीत ज्ञानू कुणी न्हाय. तुझा बाप दानिएल. गावात टपालवाल्यापासनं भंगारवाल्यापर्यंत सगळ्यांना त्याचं नाव घेता येत हुतं. आता पंजाबचा पोस्टमन लई अडाणी असंल तर असू दे. ते दुसरं नाव मी सांगणार न्हाय. आणि तुझं पत्र परत आलेलं मला सोसायचं न्हाय. म्हणून मीरासाबला म्हणलं, बापाची जागा मोकळी ठेव. केरबा, मग थोडी जागा, मग शिंदे.

परवाच्या रविवारी तिथं कुठला शास्त्रपाठ झाला ते लिही.

आई

ता. क. वरचं बाळाबाईनं सांगितलं तसं लिहिलं. हे खालचं माझं, मीरासाबचं. तुझी आई म्हणते मी बरी हाय. बरी हाय. पण प्रभुभोजनाची पोळी तिच्या घरनं जायची ना? तू गेल्यापासनं बनाबाईच्या घरनं जाते. हिनंच सोडलं. बनाबाईनं आमच्या ताजबीला सांगितलं की चर्चात पोळीचं ताट पुढं आलं की बाळाबाई ते नुसतं शेजारणीकडं सरकवते. स्वतः तुकडा उचलत न्हाय. का म्हणून विचारलं तर म्हणते, मशिनीचा आवाज लई हाय, ऐकू येत न्हाय. मशीन बंद हुती.

हे तुला कळवलंय ते तिला कळू देऊ नको. तुझं पत्र मीच वाचून दाखवतो, तेव्हा गाळायचं असंल ते मी गाळीन.


बटाला
१४ नोव्हेंबर १९७४

आईस सलाम.

कोट पाठवू नको. त्याच्या कोटात मला थंडी जास्तच वाजंल.

शास्त्रपाठ हरवलेल्या मेंढराचा झाला. गाणी चांगली म्हटली. बास?

चाचा, हे तुम्ही गाळणार असाल तर गाळा, पण मी लिहिणार. आई, तू पोळी करायची सोडलीस ती माझ्या लाजंनं, हे मला कळत न्हाय व्हय? ज्या घरात असला पोरगा निपजला त्या घरची पोळी देवाच्या मेजावर कशी ठेवायची, असंच ना?

कापणीच्या सणाला मी पिऊन आलो. लोकांनी शेतातलं पयलं पीक देवापुढं ठेवलं, उपासना झाली, जिनसांचा लिलाव सुरू झाला, आणि मी खिशात काय नसताना प्रत्येक जिनसेवर बोली लावली. भोपळा डोक्यावर घेऊन नाचलो. म्हणालो, बापाला बरं कर म्हणून वर्षभर गुडघं टेकलं, तर देवानं ह्यो दिला, भोपळा. जोतीराम पंचांनी बाही धरून भाईर काढलं. माझं नाव प्रभुभोजनातनं काढलं, ताटातला तुकडा मला बंद झाला. त्याचा मला राग न्हाय. त्यांच्या जागी मी असतो तर कानाखाली पण दिली असती.

पण घरी आल्यावर तू म्हणालीस, "तुला केरातच ठेवायला पायजे हुतं."

मी दुसरं काय बरोबर आणलं न्हाय. तेवढं वाक्य घेऊन पंजाबात आलो. इथं भट्टीचा राखाडा टाकतात तिथं एक माणूस काम करतो. प्यारा मसीह त्याचं नाव. झाडतो, भट्टीतनं निघालेली मळी फोडतो. इथली बाकीची माणसं त्याला पाणी लांबनं वततात. त्यो त्या राखाड्यात खाली बसून जेवतो. त्याला बघितलं की तुझं वाक्य आठवतं.

पत्र लिहिलं न्हाईस तरी चालंल.

केरबा


पेठ वडगाव
१ डिसेंबर १९७४

केरबास आईचा सलाम.

मीरासाबनं गाळून वाचलं. पण कागद भरलेला मला दिसत हुता. म्हणलं, एवढ्या ओळीत एवढंच? मग त्यानं सगळं वाचलं, आणि ताजबी त्याला लई बोलली. असू दे.

हरवलेल्या मेंढराचा पाठ तू लहानपणी नाताळात पाठ म्हणायचास. तेवढाच तुला येतो. तू चर्चला जात न्हाईस. त्याचं राहू दे आता. दुसरं ऐक.

तुझ्या आधी माझी दोन लेकरं गेली. एक पाळण्यातच, एक रांगत हुतं. तू झालास तेव्हा तुझा बाप मंडळीत उपास-प्रार्थना करत हुता. मी बी बसायची. पण मनात म्हणायची, दोन्ही वेळंला हेच केलं की. शेजारच्या बायका म्हणायच्या, लेकरू केरात ठेव, दुसऱ्या कुणीतरी उचलू दे, मग मरणाला वाटतं हे कुणाचंच न्हाय, टाकलेलं हाय, ते हात लावत न्हाय. बाप्तिस्मा घेतलेली बाई मी. तुला सुपात घातलं आणि उकिरड्यावर केरात नेऊन ठेवलं. तू रडला बी न्हाईस. आभाळाकडं बघत पडलास. ताजबीनं उचललं. तिला सूपभर कोंडा देऊन मी तुला परत घेतलं. म्हणून तू केरबा. बापानं नाव दाविद काढलं हुतं.

मंडळीला कळलं. पंचांनी मला विचारलं, मी व्हय म्हणलं. माझं प्रभुभोजन बंद केलं. त्यांचं बरोबरच हुतं. मी देवाचा हात सोडून उकिरड्याचा धरला हुता.

पण तुझ्या बापाचं कुणी बंद केलं न्हवतं. त्यो पुरुषांच्या बाजूला बसायचा. ताट त्याच्यापुढं आलं की मागं वळून माझ्याकडं बघायचा आणि ताट पुढं सरकवायचा. मंडळीनं मला परत घेईपर्यंत त्यानं तुकडा तोंडात घातला न्हाय. मी म्हणलं, तुम्ही कशाला? तर म्हणाला, "तू बसशील तेव्हा बसू."

आता कळलं का मी पोळी का सोडली? लाज न्हाय रं पोरा. मी तुझ्यासाठी थांबलीया.

आणि ते वाक्य. रागात मी ते बोलली. केरात ठेवलं हुतं ते टाकायला न्हवतं, जगवायला हुतं. एवढं तरी पुढं बोलायला पायजे हुतं. तू दारातनं गेलास तेव्हा ते तोंडात आलं हुतं.

आई

ता. क. ताजबी म्हणते, उचललं तेव्हा पोरगं ओलं हुतं आणि माझं लुगडं नवं हुतं, हे लिहा. लिहिलं. मीरासाब.


बटाला
३ जानेवारी १९७५

आईस,

सलाम लिहायला हात होईना, म्हणून तसंच सुरू करतो.

तुझं पत्र आलं. मी ते हातपंपापाशी बसून वाचलं, परत वाचलं. बाप ताट सरकवतोय असं डोळ्यापुढं येत हुतं. वाटलं, उद्या लिहू. आणि त्याच आठवड्यात असं झालं की लिहायला तोंड उरलं न्हाय.

कुणाचातरी साचा ओला राहिला हुता. ओल्या साच्यात रस पडला की त्यो उडतो. त्यो उडाला आणि प्यारा मसीह जवळ झाडत हुता, त्याच्या मांडीवर आणि छातीवर आला. माणूस वाळूवर लोळला. आम्ही गोणपाट टाकलं, धरलं. त्याचं तोंड माझ्या कानापाशी हुतं. त्यो म्हणत हुता, "कोई ईसाई है? कोई दुआ कर दे." ओरडत न्हवता. हळू विचारत हुता, शेजारी मीठ मागावं तसं.

बाप गेला तेव्हा मी त्याच्या उशापाशी प्रार्थना म्हटलेली. मला येत हुती. अजून येते.

हंबीरराव भट्टीच्या पलीकडनं ओरडला, "काय म्हणतोय रं त्यो?"

मी म्हणालो, "पाणी मागतोय."

पाणी आणलं. प्यारानं माझ्याकडं बघितलं. तांब्या तोंडाला लावला तर एक घोट घेतला. मग त्याला ठेल्यावर घालून दवाखान्यात नेलं. अजून जिता हाय म्हणतात.

आई, पोस्टमनचं खोटं हुतं, ते तू वळखलंसच. इथं दानिएल, याकोब, यूसुफ गल्लोगल्ली हायत. पोस्टमन डोळं झाकून वाचंल. झालं असं की गाडीत हंबीररावनं आडनाव विचारलं. मी शिंदे म्हटल्यावर त्यानं आपली भाकरी सोडून माझ्यापुढं धरली. दोन दिवस पोटात काय न्हवतं. मी घास घेतला आणि त्यानं विचारलं, बापाचं नाव काय? घास तोंडात हुता. ज्ञानू म्हणालो. केरबा नावावरनं मी ख्रिस्ती हाय हे कुणी वळखत न्हाय. ते नाव मला लपवायला लई बरं पडलं.

नाताळच्या दिवशी चर्चची घंटा वाजली ती खोलीतनं ऐकली. पांघरूण डोक्यावर घेतलं.

माझ्यासाठी थांबू नको. तू घे. मी येण्यासारखा राहिलो न्हाय.

केरबा


पेठ वडगाव
१६ जानेवारी १९७५

केरबास आईचा प्रभूच्या नावानं सलाम.

प्यारा मसीह अजून हाय ना? मग तू कागद कशाला लिहीत बसलास. मेलेल्याकडं जाता येत न्हाय. त्यो हाय तवर जा.

तू त्याला पाणी दिलंस. त्यानं मागितलं न्हवतं ते दिलंस. आता मागितलं हुतं ते दे.

मी थांबणार. तुझ्या सांगण्यानं मी कधी काय केलं न्हाय आणि आता बी करायची न्हाय.

आई

ता. क. आज माझं काय न्हाय. हे पत्र सांगताना बाळाबाई मधे एकदा उठून विहिरीकडं गेली आणि रिकामी घागर घेऊन परत आली, एवढंच. मीरासाब.


बटाला
३१ जानेवारी १९७५

आईस केरबाचा प्रभूच्या नावानं सलाम.

गेलतो.

संत्री घेतली. दवाखान्याच्या दारातनं एकदा परत फिरलो, मग संत्र्यांचं काय करायचं म्हणून आत गेलो. प्यारा भिंतीकडं तोंड करून पडला हुता. मी म्हणालो, "मी केरबा. साच्यावरचा."

त्यो वळला. म्हणाला, "पाणीवाला."

मी खाली बघितलं. आपल्यात बोलतो तसं मला त्याच्या बोलीत बोलता येत न्हाय, मोडकं हिंदी. मी म्हणालो, तू काय मागितलंस ते मला कळलं हुतं. त्यो म्हणाला, मला म्हायती हाय. तुला कळणार म्हणून तर तुझ्या कानात बोललो. मी म्हणालो, तुला कुणी सांगिटलं? तर म्हणाला, "रोटीनं. दुपारी सगळी जेवायला बसतात आणि हात मारतात. तुझा हात रोटीपाशी जाऊन थांबतो. जरासा. मग तोडतोस. मी राखाड्यातनं रोज बघतो. मला वाटायचं, ह्यो माझ्यापाशी येऊन बसंल कधीतरी."

आई, मला स्वतःला ठावं न्हवतं हात थांबतो ते. तू लहानपणी चापट मारायचीस ना, प्रार्थनेआधी घास उचलला तर. ती चापट राहिलीया बघ हातात.

मी म्हणालो, आता म्हणू का? त्यो म्हणाला, मग संत्री कशाला आणलीस, सोलून दे आणि म्हण. मी मराठीत प्रभूची प्रार्थना सुरू केली. क्षमेच्या ओळीपाशी आलो आणि पुढचं येईना. पाठ हाय, लहानपणापासनं पाठ हाय, आणि येईना. प्यारानं तिथनं उचलली आणि त्याच्या बोलीत शेवटपर्यंत म्हटली. मी नुसतं आमेन म्हणालो.

डोळं उघडलं तर पायथ्याशी हंबीरराव उभा. मालकानं दिलेलं दूध घेऊन आलेला. म्हणाला, "काय चाललंय रं तम्मा?"

मी म्हणालो, "प्रार्थना."

"कुणाची?"

"आमची."

त्यानं हातातलं दूध ठेवलं आणि आम्ही दोघं चालत परत आलो. वाटंत त्यानं बिडी पेटवली, मला दिली न्हाय. खोलीपाशी आल्यावर म्हणाला, "ज्ञानू न्हवं मग."

"न्हवं. दानिएल."

"मला भाकरीपाशी फसवलंस. दुसरीकडं कुठंबी फसवलं असतंस तर चाललं असतं." त्याचं खरं हाय, आई. मी मान खाली घातली. दुसऱ्या दिवशी म्हणाला, तुझी चूल येगळी कर, तवा-परात येगळी घे. कराडकडच्या दोघांनी माझी वळकटी व्हरांड्यात नेऊन ठेवली. व्हरांड्यात थंडी हाय. पण तिथनं चर्चची घंटा चांगली ऐकू येते. मी जातो आता. खरंच जातो. मागं बसतो. भाषा कळत न्हाय, चाली कळतात. प्रभुभोजनाचं ताट आलं की पुढं सरकवतो. हित्तं कुणी माझं नाव काढलेलं न्हाय, पण वडगावात काढलंय ना. बापासारखं करावं म्हणलं.

कारखान्याच्या वहीत कारकुनाला सांगून बापाचं नाव नीट लावून घेतलं.

तवा पायजे हुता म्हणून सरदारजीला विचारलं, उरलेल्या रसात तवा ओतू का? ओत म्हणाला. पयला फुटका निघाला, मधे भोक. मी कपाळाला हात लावला. सरदारजी म्हणाला, अरे, भट्टीत टाक की परत. भट्टी विचारत न्हाय आधी कितीदा बिघडलास. दुसरा चांगला आला. मग त्याच्यावर रोटी टाकायला हात होईना. वाटलं, माझ्या हातचं पयलं हे. मला शेत न्हाय. कापणीचा सण जवळ आलाय.

हंबीरराव गावाकडं निघालाय. भीत भीत त्याला विचारलं, तवा नेशील का? त्यानं मग तवा उचलून बोटानं वाजवला आणि म्हणाला, "लोखंडाला इटाळ नसतोय. दे."

मी तिसरा तवा ओतून घेतलाय. व्हरांड्यात एकटाच भाजतो, एकटाच खातो. हात थांबतो तिथं आता जाणून थांबवतो.

तुझा
केरबा


पेठ वडगाव
२४ फेब्रुवारी १९७५

केरबास आईचा प्रभूच्या नावानं सलाम.

तुझा मुकादम आला. उंबऱ्यापाशी वहाणा काढल्या. पाणी दिलं ते घेतलं न्हाय, च्या ताजबीकडं प्याला. त्यांच्यात असंल तसं. पण तवा आपल्या धोतरात गुंडाळून आणला हुता. जाताना म्हणाला, "पोरगं व्हरांड्यात निजतंय. पांघरूण पाठवा, मी परत जाताना नेतो." बापाचा कोट दिलाय. आता नको म्हणू नको.

काल सण झाला. पुढचं मीरासाबला म्हणलं, तूच सांग, मला नीट दिसलं न्हाय.

मी मीरासाब लिहितो. लिलावाला आम्ही सगळेच जातो, वांगी ताजी मिळतात. मेजावर गुळाची ढेप, अंडी, हरभऱ्याच्या पेंढ्या, एक चिडलेला कोंबडा, आणि मधे तुझा काळा तवा. जोतीराम पंच बोली लावून घेत हुते. सगळं झाल्यावर तवा उचलला, म्हणाले, "आता ह्यो कुणाच्या शेतात पिकला?" लोक हसले. बाळाबाई मागनं उठली. हिचा आवाज मी मशिनीपाशी ऐकतो, चिमणीएवढा. काल सगळ्या चर्चानं ऐकला. म्हणाली, "माझ्या केरबानं पाठवलाय. त्याचं पयलं पीक हाय."

कुणी हसलं न्हाय मग. कोंबडा तेवढा बोलत हुता.

मी बोली लावली. खोटं कशाला सांगू, मला वाटलं घेऊन परत तुझ्या आईला द्यावा. पण माझ्यावर कुणीतरी चढवली. बघतो तर लिलाव करणारा माणूसच. जोतीराम पंच स्वतःच बोली पुकारतोय आणि स्वतःच वाढवतोय. म्हणलं, पंच, हे कुठल्या कायद्यात बसतंय? तर म्हणाले, "मीरासाब, गेल्या साली त्या पोराची बाही मी धरली हुती. तवा मला घेऊ द्या." मी सोडला.

संध्याकाळी पंच तवा घेऊन बाळाबाईच्या दारात. म्हणाले, "बाळाबाई, मंडळीत बोलणं झालं. इस्टरची पोळी तुमच्या घरनं येऊ दे. ह्याच्यावरची." पाळकसाहेब बी हुते. त्यांनी तिथल्या पाळकाच्या नावानं शिफारसपत्र दिलंय, ह्यासोबत हाय. आमचा माणूस हाय, आम्ही त्याला परत घेतलाय, त्याला मेजावर बसवा, असं लिहिलंय. आता आई सांगते ते.

केरबा, तू इथं यावास असं वाटतंय. रजा मिळत नसंल तर राहू दे. तिथंच बस. पण बस.

आई


बटाला
३० मार्च १९७५

आईस केरबाचा प्रभूच्या नावानं सलाम.

इस्टरला रजा मिळाली न्हाय. बापाचा कोट घालून गेलो. बाह्या मला आखूड झाल्यात. प्यारा काठी घेऊन आला. ह्या खेपेला मागं न्हाय, त्याच्याशेजारी बसलो. पाळकसाहेबांची चिठ्ठी इथल्या पाळकांना आधीच दिली हुती. त्यांना मराठी येत न्हाय, मी वाचून अर्थ सांगिटला. "आम्ही त्याला परत घेतलाय" इथं परत अडकलो. पाळक म्हणाले, समजलं, पुढं वाचू नकोस.

ताट आलं. मागं वळून बघितलं. बघायला इथं माझं कुणी न्हाय, तरी बघितलं. मग हात रोटीपाशी गेला, थांबला, आणि मी तुकडा उचलला. गव्हाचाच हुता. जेवल्यागत वाटलं.

परत व्हरांड्यात आलोय. हंबीरराव आतनं म्हणाला, "झाला का सण?" व्हय म्हणालो. एवढंच बोलणं. पण विचारलं.

तू घेतलीस का? पत्र यायला आठ-दहा दिवस लागतील. तवर मी इथं ह्योच विचार करत बसणार.

तुझा
केरबा दानिएल शिंदे


पेठ वडगाव
३० मार्च १९७५

केरबास आईचा प्रभूच्या नावानं सलाम.

पोळी पहाटं केली. तवा अजून नवा हाय, पयली चिकटली. ती मी ताजबीला दिली. दुसरी सुटून आली. ती फडक्यात बांधून नेली.

ताट माझ्यापुढं आलं. तुझं पत्र आलं न्हवतं. तू गेलास का न्हाय, बसलास का न्हाय, मला काय ठावं न्हवतं. शेजारीण वाट बघत हुती मी सरकवायची. तुझा बाप बसायचा त्या जागेकडं मी बघितलं. मग म्हणलं, पोरगं बसलं असंल. नसंल बसलं तर आता बसंल.

मी घेतली.

आई

ता. क. पत्रावर ह्या खेपेला मोकळी जागा ठेवलेली न्हाय. मधलं नाव बाळाबाईनं स्वतः घातलंय. चर्चातनं आल्यापासनं माझा खडू घेऊन कापडावर गिरवत हुती, एका गिऱ्हाइकाच्या पायजम्याचं कापड गेलं. दानिएल जरा वाकडा आलाय. पण तुझा पोस्टमन डोळं झाकून वाचतो असं तूच लिहिलंयस. मीरासाब.